डेलावेअरमध्ये मुलांना हायस्कूलला घालताना: पत्ता, तारीख आणि बस

आम्ही पुण्याहून डेलावेअरला आलो ते जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. मुलगी आठवीत होती. अपार्टमेंट मिळालं, गाडी घेतली, नवऱ्याचं विल्मिंग्टनच्या बँकेतलं काम सुरू झालं, मुलीला जवळच्या मिडल स्कूलने आठवीतच घेतलं. नववीच्या शाळेचं बघायला आता उन्हाळ्यापर्यंत वेळ आहे, असं मी धरून चालले होते. लॉन्ड्रीत ओळख झालेल्या एका तेलुगू मैत्रिणीने विचारलं, "चॉइसचा अर्ज भरलात ना?" पत्त्यावरच्या शाळेऐवजी दुसरी शाळा मागायचा असा काही अर्ज असतो हेच मला माहीत नव्हतं. त्याची मुदत काही आठवड्यांपूर्वीच संपली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे मुलगी आमच्या भागातल्या हायस्कूलला गेली आणि तिथे चांगली रमली. पण नंतरच्या काही महिन्यांत मला जे जे कळत गेलं, ते आधी कळलं असतं तर तिच्यापुढे निवड तरी असती. चार वर्षांनी धाकट्याच्या वेळी सगळं वेळेवर केलं. त्या दोन खेपांमधून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. मुलं सातवी ते अकरावीत आहेत आणि भारतातून थेट इकडे येताय, अशा घरांसाठी हे आहे.

न्यू जर्सीतल्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, हे आधीच सांगते. तिकडे चांगल्या गावात घर घेतलं की शाळेचा प्रश्न बहुतेक मिटतो. डेलावेअरमध्ये पत्त्यावर एका शाळेचा हक्क मिळतो. बाकीच्या शाळांसाठी अर्ज करावा लागतो, त्या अर्जाला ठरलेली तारीख असते, आणि जागा मिळाली तरी मूल तिथवर जाणार कसं हा प्रश्न उरतो.

१. आधी राज्याचा नकाशा डोक्यात बसवा

डेलावेअरमध्ये तीनच काउंट्या आहेत. उत्तरेला न्यू कॅसल, मध्ये केंट, दक्षिणेला ससेक्स. सगळ्या राज्यात मिळून १९ स्कूल डिस्ट्रिक्ट. त्यातले १६ नेहमीचे आणि ३ व्होकेशनल-टेक्निकल, म्हणजे इथले लोक ज्यांना 'व्होटेक' म्हणतात ते, प्रत्येक काउंटीला एक. त्याशिवाय चार्टर शाळा आहेत. त्याही सरकारी पैशावर चालतात, फी नसते, पण त्या कुठल्या डिस्ट्रिक्टच्या हाताखाली नसतात.

१९८१ च्या बँकिंग कायद्यानंतर मोठमोठ्या बँका विल्मिंग्टनला आल्या आणि त्यांच्यामागे आपल्यासारखे आयटीवाले. त्यामुळे बहुतेक मराठी घरं न्यू कॅसल काउंटीतच आहेत. तिथले डिस्ट्रिक्ट पाच: ब्रँडीवाइन, रेड क्ले, क्रिस्टिना, कलोनिअल आणि दक्षिणेकडे मिडलटाऊनच्या बाजूला अपॉक्विनिमिंक. (स्मर्ना डिस्ट्रिक्टचाही थोडा भाग या काउंटीत येतो.) सरकारी नोकरी किंवा विद्यापीठामुळे डोव्हरला जाणाऱ्यांना कॅपिटल आणि सीझर रॉडनी ही नावं भेटतील. समुद्राकाठी लुइस-रेहोबथला केप हेन्लोपन.

नकाशा पाहिलात तर क्रिस्टिना डिस्ट्रिक्ट दोन तुकड्यांत दिसेल. एक तुकडा न्यूआर्कच्या आसपास, दुसरा मैलोन् मैल लांब विल्मिंग्टन शहरात, मध्ये दुसऱ्याच डिस्ट्रिक्टची हद्द. मला आधी नकाशाच चुकलाय असं वाटलं. नंतर कळलं की यामागे मोठा इतिहास आहे. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या राहू नयेत म्हणून १९७८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने उत्तरेकडचे ११ डिस्ट्रिक्ट एकत्र केले गेले आणि शहरातली मुलं उपनगरात, उपनगरातली मुलं शहरात बसने जाऊ लागली. १९८१ मध्ये त्या एका डिस्ट्रिक्टचे चार झाले, आणि शहराचा एकेक भाग चौघांच्याही वाट्याला आला. म्हणून आजही विल्मिंग्टनमध्ये राहणाऱ्या दोन कुटुंबांचे डिस्ट्रिक्ट वेगळे असू शकतात.

या इतिहासाची सुरुवात हॉकेसिनला झाली. महालक्ष्मी मंदिरामुळे हे गाव इकडच्या बहुतेक मराठी माणसांना माहीत असतं. १९५० च्या सुमाराला तिथल्या सेरा ब्यूला या आईने एवढंच मागितलं होतं की गोऱ्या मुलांची बस आमच्या दारावरून जाते, तिने माझ्या शर्लीलाही तिच्या, काळ्या मुलांच्या शाळेत सोडावं. बस नाकारली गेली. मग ती लुइस रेडिंग यांच्याकडे गेली. ते डेलावेअरचे पहिले काळे वकील. बससाठी भांडण्याऐवजी शाळेतल्या प्रवेशासाठीच दावा लावू, अशी भूमिका त्यांनी घेतली. १९५२ मध्ये राज्याच्या चान्सरी न्यायालयाचे न्यायाधीश (चान्सलर) कॉलिन्स साइट्झ यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला, आणि ते प्रकरण पुढे शाळांतला वंशभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या खटल्याचा भाग झालं. हॉकेसिनची ती जुनी एका खोलीची १०७ क्रमांकाची शाळा अजून उभी आहे. मंदिरात जाल तेव्हा मुलांना तीही दाखवा.

२. भाडेकरारावर सही करण्याआधी पत्ता तपासा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. टपालाच्या पत्त्यातलं गावाचं नाव आणि स्कूल डिस्ट्रिक्ट यांचा काहीही संबंध नसतो. 'न्यूआर्क' असा पत्ता असलेलं घर क्रिस्टिनात असेल किंवा रेड क्लेत. 'बेअर' नावाचं तर अधिकृत गावच नाही, तो टपालाचा भाग आहे, आणि तिथली घरं वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टांत विभागलेली आहेत. 'विल्मिंग्टन' पत्त्याचं वर सांगितलंच. (उच्चाराचं एक सांगून ठेवते. हे इथलं न्यू-आर्क. न्यू जर्सीतल्या नूअर्कसारखं म्हटलंत तर समोरचा विमानतळाकडे बोट दाखवेल.)

ब्रोकर किंवा अपार्टमेंटच्या ऑफिसवर विसंबू नका. आम्हाला एका ऑफिसात ठासून सांगितलेली शाळा चुकीची निघाली. हद्दी बदललेल्या होत्या आणि त्यांच्याकडचं माहितीपत्रक जुनं होतं. घर क्रमांकासकट पूर्ण पत्ता डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर टाका, तिथे 'फीडर पॅटर्न' दिसतो, म्हणजे या पत्त्याची प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल कोणती. मग डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून तोच पत्ता पुन्हा विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढे जा.

राज्याची हद्दही बघा. न्यूआर्कपासून दहा-पंधरा मिनिटांवर मेरीलँडचं एल्कटन आणि पेन्सिल्व्हेनियाचं लँडनबर्ग आहे. भाडं किंवा घराची किंमत परवडते म्हणून काही जण तिकडे जातात. जा, पण तिथे डेलावेअरच्या शाळा, डेलावेअरचा चॉइस अर्ज आणि डेलावेअरच्या शिष्यवृत्त्या यातलं काही लागू होत नाही. याला एक गमतीचा अपवाद अगदी दक्षिण टोकाला आहे. डेलमार हे गाव दोन राज्यांच्या सीमारेषेवरच वसलंय. तिथली लहान मुलं मेरीलँडच्या बाजूच्या प्राथमिक शाळेत आणि मोठी मुलं डेलावेअरच्या बाजूच्या हायस्कूलला जातात, मग घर रेषेच्या कुठल्याही बाजूला असो.

३. भारतातून निघण्याआधी गोळा करायची कागदपत्रं

इथून पुण्याच्या शाळेत फोन करून कागद मिळवणं किती अवघड आहे हे मी भोगलंय. सुट्टी, परीक्षा, मुख्याध्यापक रजेवर. म्हणून हे सगळं हातात घेऊनच विमानात बसा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका:

- जन्माचा दाखला. महापालिकेचा जुना दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी मजकूर असलेला नवा काढून घ्या. पासपोर्ट असतोच, पण दोन्ही जवळ असू द्या.
- गेल्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका, शाळेचा शिक्का आणि सही असलेल्या. दहावी झाली असेल तर बोर्डाची गुणपत्रिका.
- शाळा सोडल्याचा दाखला, इंग्रजीत.
- मुख्याध्यापकांचं पत्र: आमच्याकडे गुण कसे देतात, किती टक्क्यांना कोणती श्रेणी. हे पत्र का लागतं ते सातव्या मुद्द्यात येईल, पण हे अजिबात विसरू नका.
- नववी-दहावी झाली असेल तर गणित आणि विज्ञानाचा अभ्यासक्रम, निदान पुस्तकांची अनुक्रमणिका.
- लसींची पूर्ण नोंद, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह, तारखा दिवस-महिना-वर्ष स्पष्ट लिहिलेल्या. ०४/०७ म्हटलं की इथे एप्रिलची सात समजतात, त्यामुळे महिना अक्षरात लिहून घ्या.

इथे आल्यावर लागणारं: भाडेकरार किंवा घराच्या खरेदीचा कागद, विजेचं किंवा गॅसचं बिल, पालकाचं फोटो ओळखपत्र, आणि गेल्या दोन वर्षांत झालेल्या वैद्यकीय तपासणीचा फॉर्म. नातेवाइकाच्या घरी उतरला असाल आणि बिल तुमच्या नावावर नसेल तर त्या नातेवाइकाचं नोटरी केलेलं पत्र आणि त्याच्या घराचे कागद मागतात.

व्हिसा दाखवावा लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिलेल्या निकालानुसार सरकारी शाळा मुलाच्या इमिग्रेशनच्या स्थितीवरून प्रवेश नाकारू शकत नाही. एच-४ वर (पालकाच्या एच-१बीसोबत मिळणाऱ्या व्हिसावर) आलेल्या मुलांना बारावीपर्यंत फी नाही. मात्र 'भाच्याला टुरिस्ट व्हिसावर बोलावून इथल्या शाळेत घालू' असा विचार घरात निघाला तर तिथेच थांबवा. टुरिस्ट व्हिसावर शिक्षण घेता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूल जास्तीत जास्त १२ महिने आणि पूर्ण खर्च भरूनच करता येतं. चुकलं तर त्या मुलाचे पुढचे व्हिसा अडचणीत येतात.

४. लसी आणि टीबीची तपासणी

आपल्या मुलांच्या बऱ्याच लसी झालेल्या असतात, पण कांजिण्यांचा दुसरा डोस, मेनिंगोकॉकल (मेंदूज्वराची लस) आणि टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) बूस्टर यांच्या नोंदी बहुधा राहिलेल्या असतात. भारतात घेऊन आलात तर स्वस्त पडतं आणि इथे आल्या आल्या डॉक्टरची वेळ मिळवण्याची धावपळ वाचते.

टीबीचं मात्र नीट समजून घ्या. शाळेत नव्याने येणाऱ्या मुलाची टीबीसाठी चाचपणी होते. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी टोचतात, आणि त्यामुळे हातावर करायची त्वचाचाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, पुन्हा डॉक्टर, कागद, आणि तोवर मूल घरी. डॉक्टरला सुरुवातीलाच सांगा की बीसीजी झालेलं आहे, रक्ताची चाचणी करा. बीसीजीचा त्या चाचणीवर परिणाम होत नाही.

५. नावनोंदणी आणि 'घरी कोणती भाषा बोलता?'

अर्जात घरच्या भाषेचे प्रश्न असतात. व्हॉट्सॲपवर सल्ला फिरतो की तिथे फक्त इंग्रजी लिहा, नाहीतर मुलाला 'इंग्रजी न येणाऱ्यांच्या' वर्गात टाकतात. मी या सल्ल्याच्या पूर्ण विरोधात आहे. मराठी बोलता तर मराठीच लिहा. त्यानंतर मुलाची विडाची इंग्रजी चाचणी होते. (विडा हे नाव मुळात विस्कॉन्सिन, डेलावेअर आणि आर्कान्सॉ या राज्यांच्या आद्याक्षरांवरून आलं.) इंग्रजी माध्यमातून आलेली बरीच मुलं ती सहज पार करतात आणि विषय तिथेच संपतो. मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलाला मदतीची गरज निघाली तर ती मदत फुकट मिळते आणि परीक्षेत सवलतीही मिळतात. ती सेवा नको असेल तर पालक लेखी नकार देऊ शकतात. खोटं लिहून मदतीचा रस्ता बंद करण्यात मुलाचंच नुकसान आहे. आमच्या ओळखीतल्या एका हुशार मुलाचं पहिलं वर्ष इतिहासाच्या निबंधांशी झगडण्यात गेलं, केवळ घरच्यांनी त्या रकान्यात इंग्रजी लिहिलं म्हणून.

६. चॉइसचा अर्ज: सगळ्यात महत्त्वाची तारीख

पुढच्या शैक्षणिक वर्षासाठीचे अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतात आणि जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी बंद होतात. ही तारीख फोनमध्ये आत्ताच टाका. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठी आदल्या दिवाळीच्या आसपास कामाला लागायचं, असं मी लक्षात ठेवते.

हा अर्ज कशाकशाला लागतो? दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या शाळेला, चार्टरला, व्होटेकला, आणि तुमच्याच डिस्ट्रिक्टमधल्या दुसऱ्या हायस्कूलला. हे शेवटचं बरेच जण विसरतात. रेड क्लेत राहताय आणि पत्त्यावरची शाळा मॅकीन आहे, पण मुलाला त्याच डिस्ट्रिक्टच्या डिकिन्सनचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) कार्यक्रम हवाय, तरीही अर्ज करावाच लागतो.

आता पर्याय. याबद्दल आपल्या लोकांत ऐकीव माहिती फार, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

*चार्टर स्कूल ऑफ विल्मिंग्टन.* १९९६ मध्ये सुरू झालेली राज्यातली पहिली चार्टर शाळा, गणित-विज्ञानावर भर. नववीपासून सुरू होते, म्हणून नववीत सगळेच नवे असतात आणि नवख्या कुटुंबाला ही मोठी सोय आहे. भारतीय मुलांची संख्या भरपूर. स्पर्धाही भरपूर, आणि प्रत्येक मुलाला ती मानवतेच असं नाही. आपलं मूल नव्या देशात आधीच बावरलेलं असेल तर त्याला तिथे ढकलण्याआधी दहा वेळा विचार करा.

*कॅब कॅलोवे आणि कॉनरॅड.* दोन्ही रेड क्लेच्या मॅग्नेट शाळा, म्हणजे एखाद्या विषयावर खास भर देणाऱ्या. कॅब कलेची, आणि ती चार्टर स्कूलच्याच इमारतीत भरते. कॉनरॅड आरोग्य आणि जीवशास्त्राकडे झुकलेली. दोन्ही सहावी ते बारावी, म्हणजे सहावीत आलेली मुलं तशीच वर जातात आणि नववीत जागा कमी उरतात. तबला, भरतनाट्यम, चित्रकला यात मूल मनापासून रमत असेल तर कॅबचा विचार जरूर करा, मात्र तिथे कलेची चाचणी असते, तयारीला वेळ ठेवा.

*न्यूआर्क चार्टर.* बालवाडीपासून बारावीपर्यंत. पाच मैलांच्या आत राहणाऱ्यांना प्राधान्य आणि मग सोडत. 'त्या पाच मैलांत घर घ्या, काम झालं' असं जे म्हणतात त्यांनी पुढचं अर्धं वाक्य गाळलेलं असतं. प्राधान्य असूनही सोडतीत नंबर लागावा लागतो, आणि नववीत रिकाम्या जागा थोड्याच असतात. केवळ त्या शाळेच्या भरवशावर घर घेऊ नका.

*व्होटेक.* यावर मला मनापासून बोलायचंय. 'टेक्निकल' म्हटलं की आपल्या घरात आयटीआय डोळ्यांपुढे येतं आणि विषय बंद होतो. न्यू कॅसल काउंटीतल्या डेलकॅसल, हॉजसन, हॉवर्ड आणि सेंट जॉर्जेस या चार शाळांतून पूर्ण हायस्कूल डिप्लोमा मिळतो, मुलं विद्यापीठात जातात, आणि सोबत नर्सिंग, संगणक, बांधकाम, स्वयंपाक, ऑटो यातलं एक हातचं कौशल्य घेऊन बाहेर पडतात. हॉवर्ड तर राज्याच्या इतिहासातली फार मोलाची शाळा आहे. उत्तर डेलावेअरमधल्या काळ्या मुलांना कित्येक पिढ्या हायस्कूलला जायला तीच एक होती. व्होटेकची बसही काउंटीभर फिरते. माझ्या मुलाने नववीला व्होटेकचाही अर्ज केला होता, आणि तो त्याच्या यादीत दुसऱ्या नंबरवर होता, शेवटच्या नाही.

*तुमच्या पत्त्याची शाळा.* रँकिंगच्या संकेतस्थळांवर तिला दहापैकी चार मिळाले म्हणून रडू नका. ते आकडे बहुतांशी चाचण्यांच्या सरासरीवर ठरतात, आणि तुमचं मूल सरासरीच्या वर्गात बसणार नाही, ते त्याच्या त्याच्या वर्गांत बसणार आहे. शाळेत जाऊन विचारा: एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) किती विषय खरोखर दर वर्षी चालतात? आयबी आहे का? (ब्रँडीवाइनमध्ये माउंट प्लेझंटला आहे.) समुपदेशकाकडे किती मुलं असतात? माझी मुलगी अशाच 'कमी गुणांच्या' शाळेत गेली आणि तिला जे शिक्षक भेटले ते मी कुठल्याही रँकिंगशी बदलणार नाही.

अर्ज केल्यावर फेब्रुवारीअखेर निर्णय येतो. जागा मिळाली तर मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्याला जाते. तो ई-मेल स्पॅममध्ये पडल्याने जागा गेलेलं एक घर मला माहीत आहे. प्रतीक्षायादी उन्हाळाभर हलत राहते, त्यामुळे आशा लगेच सोडू नका. दुसऱ्या डिस्ट्रिक्टची शाळा एकदा स्वीकारली की साधारणपणे निदान दोन वर्षं तिथे राहावं लागतं. चार्टरला एक वर्ष.

आणि जे मला त्या जानेवारीत कुणी सांगितलं नाही ते: मुदत संपल्यावर आलात तरी कायद्यात 'सबळ कारण' असेल तर उशिरा अर्ज घेण्याची तरतूद आहे, आणि राहण्याचं ठिकाण बदलणं हे त्यात येतं. जागा शिल्लक असेल तरच उपयोग होतो हे खरं, पण अर्ज करा. भाडेकरार आणि विमानाचं तिकीट जोडा. 'मुदत संपली' असं फोनवर ऐकून ठेवून देऊ नका, लेखी विचारा. मी फोनवर ऐकलं आणि गप्प बसले.

७. इयत्ता आणि क्रेडिट

महाराष्ट्रात एप्रिलमध्ये नववी संपवून आलेलं मूल ऑगस्टमध्ये इथे दहावीत जातं, दहावी संपवून आलेलं अकरावीत. निदान तसं व्हायला हवं. कागद अपुरे असले तर शाळा मुलाला एक वर्ष खाली बसवू शकते, कारण इथे नववीपासूनचा प्रत्येक विषय 'क्रेडिट'मध्ये मोजतात आणि डिप्लोमाला २४ क्रेडिट लागतात. इंग्रजी ४, गणित ४, विज्ञान ३, सामाजिक शास्त्रं ३, परकी भाषा २, शारीरिक शिक्षण १, आरोग्य अर्धं, एकाच दिशेच्या करिअर विषयांची ३, आणि साडेतीन आवडीच्या विषयांची. भारतातली नववी-दहावी क्रेडिटमध्ये धरून घेणं हे समुपदेशकाचं काम, पण ते करून घेणं तुमचं.

मुख्याध्यापकांचं पत्र इथे कामाला येतं. आपल्याकडे ७८ टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. इथे ७८ म्हणजे सी. समजावून न सांगता ते गुण तसेच चढले तर मुलाचा जीपीए (गुणांची सरासरी) पहिल्या दिवशीच खाली येतो आणि कॉलेजच्या अर्जापर्यंत तसाच राहतो. पत्र दाखवा, आणि गुणांचं रूपांतर नीट होणार नसेल तर भारतातली वर्षं फक्त 'उत्तीर्ण' म्हणून नोंदवता येतील का ते विचारा.

गणिताचंही असंच. बीजगणित, भूमिती आपल्याकडे एकत्र शिकवतात. इथे काही शाळांत एकेका वर्षी एकेक विषय, तर काही ठिकाणी 'इंटिग्रेटेड' गणित. पहिल्याच आठवड्यात पातळी ठरवायची चाचणी मागा. ऑक्टोबर उजाडला की वर्ग बदलणं कठीण.

परकी भाषेची दोन क्रेडिट ही आपल्या मुलांसाठी संधी आहे. मान्यताप्राप्त चाचणीत भाषेची ठरावीक पातळी दाखवली तर ही अट पूर्ण होऊ शकते, आणि अव्हांटची स्टॅम्प ही चाचणी मराठीतही देता येते. त्यात बोलण्यासोबत लेखनही असतं, म्हणून 'घरी बोलतो' एवढं पुरत नाही. धाकट्याला देवनागरी लिहायला लावताना मी हेच कारण पुढे केलं होतं.

अकरावीत एसएटी ही कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा शाळेतच, शाळेच्या दिवशी, फुकट होते. आणि दहावीत 'ड्रायव्हर एज्युकेशन' असतं. राज्यातल्या मुलांना सरकारी शाळेत ते मोफत मिळतं, बाहेर शिकायला चांगले पैसे पडतात. मूल थेट अकरावीत आलं तर हा वर्ग हुकतो, म्हणून प्रवेशाच्या वेळीच विचारा.

८. बस

पत्त्याची हायस्कूल दोन मैलांपेक्षा लांब असेल तर बस मिळते. चॉइसने दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये गेलात तर त्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीतल्या नेहमीच्या एखाद्या थांब्यापर्यंत मुलाला तुम्हीच सोडायचं. जानेवारीत, अंधारात, पहाटे. एकच गाडी असलेल्या घराला हे वर्षभर जमणार आहे का, याचा हिशोब अर्ज भरण्याआधी करा. एकदा त्याच वेळेला गाडी काढून जाऊन बघा. आम्ही एक शाळा केवळ त्यामुळे यादीतून काढली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

खेळणारं मूल असेल तर शाळा बदलण्याआधी तिथल्या ॲथलेटिक डायरेक्टरशी बोला. डीआयएए या डेलावेअरच्या शालेय खेळांच्या संघटनेचे बदलीचे नियम कडक आहेत, मधेच शाळा बदलली तर एखादा हंगाम बाहेर बसावं लागू शकतं.

९. पहिला महिना

शाळा ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात. ३० सप्टेंबरला राज्यभर पटमोजणी होते आणि त्यावर शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं, त्यामुळे तोवर वर्ग आणि वेळापत्रकं हलतात. मुलाचं वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यात बदललं तर घाबरू नका. समुपदेशकाला ई-मेल करा, प्रत्येक बोलणं लेखी ठेवा, आणि त्याच ई-मेलमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ डेलावेअरची 'कमिटमेंट टू डेलावेअरियन्स' ही विषयांची यादी मागून घ्या. डेलावेअरच्या मुलांनी नववीपासून काय काय घ्यावं ते त्यात दिलेलं असतं. डेलावेअर टेक या कम्युनिटी कॉलेजसाठीच्या सीड शिष्यवृत्तीचीही चौकशी तेव्हाच करा. एच-४ वरच्या मुलांना केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, म्हणून राज्याच्या योजनांत आपण कुठे बसतो हे नववीतच कळलेलं बरं.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी शाळेचं कॅलेंडर बघा. सुट्टी दीड आठवड्याची असते. त्यापुढचे दिवस विनापरवानगी गैरहजेरीत धरले जातात, आणि व्होटेक वगैरे शाळा अर्जासोबत हजेरीही पाहतात. आठवीतल्या मुलाची लांबलेली लग्नसराई पुढच्या जानेवारीत आडवी येऊ शकते. शिवाय तुम्ही पुण्यात असताना जानेवारीचा दुसरा बुधवार येतो. अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, निघण्याआधी भरा आणि पोच छापून घ्या.